तीन ठोके

बादसरच्या टेकडीवर बारा पवनचक्क्या एकमेकींना खांदा लावून उभ्या होत्या. भिंती मातीच्या, पावसानं थोड्या आणि वाऱ्यानं पुष्कळ खाल्लेल्या. लाकडी पाती तर केव्हाच लोकांच्या तंदुरात जळून गेली होती. डिझेलची गिरणी आली तशी एकेक चक्की थांबत गेली, आणि सगळ्यांत शेवटची, उस्ताद नियाजची, थांबली त्यालाही बत्तीस वर्षं होऊन गेली. त्या वर्षी वसंताच्या अखेरीस गावानं ठरवलं की निदान ही एक तरी पुन्हा फिरती करायची, आणि तीही उन्हाळ्यातला एकशेवीस दिवसांचा वारा सुटायच्या आत. सरकारी माणूस आला, फोटो काढून गेला, पुन्हा काही फिरकला नाही.

"आपल्या पणज्यांनी बांधली तेव्हा कुठला फोटोवाला आला होता?" करीमदाद सुतार म्हणाला. "इर्जिक घाला. घरटी एक माणूस. ज्याच्या घरी माणूस नाही त्यानं गाढव पाठवावं. काही घरांतून गाढवच आलेलं बरं."

अशी ती इर्जिक सुरू झाली. कुणाला मजुरी नाही. दुपारचं जेवण एकत्र, रोज एका घरचं.

उस्ताद नियाज हिवाळ्यात वारला होता. त्याची एकुलती मुलगी गुलअंदाम तुर्बतच्या शाळेत शिकवायची. बाप गेल्यावर चाळिसावा दिवस करून ती परत गेली होती, आणि घराची किल्ली शेजारी ठेवताना तिला वाटलं होतं की आता बादसर संपलं. मग एक दिवस करीमदादचा फोन आला.

"गुलजान, चक्कीला तुझ्या बाबाचं नाव द्यायचं ठरलंय. मी स्वतः पाटी कोरतोय, तुतीच्या लाकडाची. तू ये."

"काका, गाव तयार आहे?"

"गाव म्हणजे काय, मीच की. अगं, माणूस आहे, डोळा लागतो. एकदा डोळा लागला त्याची बत्तीस वर्षं मान खाली घालून भरपाई केली त्यानं. आता पुरे झालं."

गुलनं फोन ठेवला आणि वर्गातल्या वह्या तपासायला घेतल्या. तीच वही तिनं तीनदा तपासली. दुसऱ्या दिवशी तिनं वीस दिवसांची रजा टाकली. बापाचं नाव त्या टेकडीवर लागावं, यापलीकडे तिला आयुष्यात आता काही मागायचं नव्हतं.

त्या चक्कीचा एक नियम होता. खालच्या खोलीत जातं, वर दोन उंच भिंतींच्या मध्ये उघड्यावर पाती, आणि दोन्हींना जोडणारा एकच उभा खांब. पात्याची फळी सैल झाली की ती बांधायला कुणीतरी वर जायचं. वर जाणाऱ्यानं आधी हाक मारायची, मग खालच्या माणसानं खांबाच्या बुडाशी पाचर ठोकायची. मोगरीचे तीन ठोके. ते लाकडातून वर चढायचे, तळव्याला कळायचे. ठोके आले की खांब बांधला गेला, आता आत शिरायला हरकत नाही. ठोके नाहीत, तर शिरायचं नाही. मग वारा पडलेला का असेना.

बत्तीस वर्षांपूर्वी एका दुपारी वारा पडला होता. सैफुल्ला, सव्वीस वर्षांचा गडी, उस्तादच्या हाताखाली सहा वर्षं काम केलेला, वर फळी बांधायला गेला. तो पात्यांमध्ये असताना वाऱ्याचा एक झोत आला आणि खांब फिरला. खाफच्या दवाखान्यात नेताना वाटेतच, आईच्या मांडीवर, तो गेला.

उस्ताद नियाजनं त्याच संध्याकाळी मशिदीपुढे उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "माझा डोळा लागला होता. पाचर मी ठोकली नाही." त्या दिवसापासून त्यानं चक्की बंद केली. ज्याचा त्याचा गहू ज्याच्या त्याच्या घरी पोचवला आणि पुढं जन्मभर दुसऱ्यांच्या केशराच्या वाफ्यांत राबला.

झोपलेल्या उस्तादला गावानं दोष दिला, पण अर्धाच. उरलेला अर्धा सैफूच्या वाट्याला आला. ठोके पडलेच नाहीत, तर हा शिरला कसा? घाई नडली. होताच तसा उतावळा. वर्षभरात त्याची म्हण झाली. कुणी रस्ता न बघता धावलं, कुणी तापल्या तंदुरात हात घातला, की म्हणायचे, "सैफूसारखा शिरू नकोस." ज्यांनी सैफूला कधी पाहिलंही नव्हतं तेही म्हणायचे. कुणी ती म्हण उस्तादसमोर काढली की उस्ताद उठून जायचा.

आणि गुलला माहीत होतं की तिचा बाप त्या दुपारी झोपला नव्हता.

तो बहिरा होता. म्हातारपणी झाला म्हणून गाव ज्याला हसायचं तो बहिरेपणा नव्हे. पंचवीस वर्षं जात्याशेजारी बसून ऐन चाळिशीतच त्याचे कान गेले होते. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. पण चक्कीवाल्याला कान हवेत. जातं कोरडं पळायला लागलं की आवाज बदलतो, पीठ जळतं. बहिऱ्याच्या हाती कोण गहू देणार? बायको बाळंतपणात गेलेली, घरात एक पोर. मग ते पोरच त्याचे कान झालं. आठ वर्षांची असल्यापासून गुल त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसायची. एकदा दाबलं, की जातं कोरडं. दोनदा दाबलं, की कुणीतरी हाक मारतंय. खाफपर्यंत लोक म्हणायचे, उस्ताद नियाजसारखा कान कुणाचा नाही. ते ऐकून बाप लेकीकडे बघायचाही नाही, इतकं दोघांनी ते पक्कं करून टाकलं होतं.

त्या दुपारी ती तिथं नव्हती. "वारा पडलाय, जा खेळ," असं त्यानंच तिला सांगितलं होतं. चार दिवसांनी त्यानं तिला तुर्बतला आत्याकडे नेऊन सोडलं. बसमध्ये बसवताना एवढंच म्हणाला, "कानांचं कुणाला बोलायचं नाही. कधीच नाही." अकरा वर्षांच्या मुलीला जेवढं कळायचं तेवढं कळलं. बहिरेपणा कबूल केला असता, तर लोकांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग ऐकायचं कोण? आणि कुठं होती ती?

म्हणून तो झोपला होता.

इर्जिकीच्या सोळाव्या दिवशी भिंतींचा शेवटचा गिलावा चालला होता. मातीत भुसा घालून दहा-बारा जण चिखल तुडवत होते. पंचायतीचे हाजी गफूर विजार गुडघ्यापर्यंत धरून कडेकडेनं पाय टाकत होते.

"हाजी, पाहुण्यांच्या गालिच्यावर चालताय का? तुडवा की!" करीमदाद वरून ओरडला.

"तू तुझी जीभ टाक इकडं. भुसा कमी पडतोय."

"माझी जीभ टाकली तर भिंत बोलायला लागेल, हाजी. मग तुमचीच पंचाईत."

बायका भिंतीच्या सावलीत पहिल्या दळणाचा गहू निवडत होत्या. गुलच्या समोर सैफूची आई बसली होती. बीबी माहनिसा. ऐंशीची, पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. इर्जिकीच्या पहिल्या दिवसापासून ती रोज येत होती. येताना घरच्या विहिरीचं पाणी आणायची, चिखलात ओतायची, मग सावलीला बसून हाताला लागेल ते काम करायची. सोळा दिवसांत ती गुलशी एक शब्द बोलली नव्हती. गुलनंही धाडस केलं नव्हतं. रोज सकाळी ती "सलाम, बीबी" म्हणायची आणि बीबी मान हलवायची, एवढंच.

पाती आदल्या दिवशीच बसवली होती. रहीम गवंडी हातात थापी घेऊन वरच्या भिंतीवरून सरळ पात्यांच्या मध्ये उतरायला लागला. खाली अजून कुणी पाचर ठोकली नव्हती.

"अरे ए गाढवा!" करीमदाद किंचाळला. "सैफूसारखा शिरू न—"

बाकीचा शब्द त्यानं गिळला. चिखलातले पाय थांबले. हाजी गफूरांनी वर धरलेली विजार हातातून सोडली आणि ती चिखलात भिजली, तरी कुणी हसलं नाही. सगळे बीबीकडे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते. बीबीनं ताटातला एक खडा उचलला, बाजूला टाकला. मग दुसरा. हळूहळू काम पुन्हा सुरू झालं. बाकीच्या बायका पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेल्या.

"मी असले की म्हणत नाहीत," बीबी म्हणाली. ती गुलशी बोलतेय हे कळायला गुलला एक क्षण लागला. "म्हणून येते रोज. पंधरा दिवस नाही म्हणाले. आज निसटलं."

"बीबी, त्यांच्या मनात तसं—"

"मनात काय आहे ते मला नको सांगूस. माझ्या नातवंडाच्या वयाची पोरं म्हणतात. त्यांना वाटतं सैफू म्हणजे एखाद्या गोष्टीतला येडा." तिनं ताट हलवून दाणे सारखे केले. "तो उतावळा नव्हता. चहासुद्धा गार होईपर्यंत थांबायचा. आणि त्यानं मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"गाडीत. डोकं माझ्या मांडीवर होतं. म्हणाला, आई, मी हाक मारली. ठोके पडले. तीन पडले, मग मी शिरलो." बीबीनं बोटाच्या पेरानं ताटाच्या काठावर वाजवलं. एक, दोन, तीन. मग बोट उचलून धरलं. "आठवडाभर मी दारोदार सांगत फिरले. लोक म्हणाले, आईचं काळीज आहे, बोलू दे. उस्ताद स्वतः म्हणतोय मी झोपलो होतो, तर ठोके काय जिन्नानं मारले? मग मी बोलायचं सोडलं. तू तेव्हा तुर्बतला गेली होतीस."

गुलच्या हातातले दाणे हातातच राहिले.

ते ठोके तिला माहीत होते. त्या वर्षी पाऊस कापणीपर्यंत रेंगाळला होता, गहू ओलसर होता. जात्याच्या वर जी लाकडी पेटी होती तिच्या तोंडाशी तो तुंबायचा, आणि बाप मोगरीनं पेटीला ठोकायचा. पेटी खांबाला टेकूनच असायची. आणि त्याचा हातच असा होता की कशावरही ठोकलं तरी तीनदाच. दारावर थाप मारली तरी तीनदा, खिळा मारला तरी तीनदा आणि मग श्वास. पंचवीस वर्षांची पाचर त्याच्या मनगटात बसली होती. वारा पडलेला, जातं थांबलेलं, तेवढ्या वेळात पेटी मोकळी करावी म्हणून तो ठोकत बसला असणार. वरून आलेली हाक त्याला ऐकू आली नाही. त्याचे ठोके मात्र वर ऐकू गेले.

सैफूनं नियम पाळला होता. शेवटपर्यंत पाळला होता.

समोर करीमदादची पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती, तेल पाजून वाळत. अक्षरं खोल आणि सुबक आली होती. उस्ताद नियाज. उद्या दुपारी ती दारावर चढणार होती. गुलला वाटलं, आपण काही बोललो नाही तर कुणालाही कधी कळणार नाही. बाप गेला. ही म्हातारी आज ना उद्या जाईल. हे तिनं अगदी स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं, आणि ते शब्द ऐकून तिला स्वतःचीच भीती वाटली.

"बीबी," ती म्हणाली, "माझा बाबा झोपला नव्हता."

आणि तिनं सांगितलं. कान, गुडघ्यावरचा हात, ओला गहू, पेटी. वर्गात गणित समजावते तसं, एकापुढे एक. बीबी ताटाकडे बघत ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं ताट बाजूला ठेवलं.

"तुला कधीपासून माहीत?"

"कानांचं तेव्हापासून. ठोक्यांचं आत्ता, तुम्ही ताटावर वाजवलंत तेव्हा."

"आणि नियाजला? सैफू काय म्हणाला ते मी दारोदार सांगितलं होतं. त्याला कळलं असेल?"

हाच प्रश्न येऊ नये असं गुलला वाटत होतं. बापाला ऐकू येत नव्हतं, म्हणजे कळलं नसेल, असं म्हणता आलं असतं. पण बादसरमध्ये गोष्टी कळायला कान लागत नाहीत. सुट्टीत ती घरी आलेली असताना ती म्हण निघाली की तो कसा उठायचा, चप्पल पायात नीट न घालताच कसा निघायचा, ते तिला दिसलं. तिला तेव्हा वाटायचं, त्याला स्वतःची लाज वाटते.

"कळलं होतं, बीबी," ती म्हणाली. "त्याला सगळं माहीत होतं."

बीबीनं मान हलवली. "दर वर्षी पहिलं खरबूज माझ्या उंबऱ्यावर ठेवून जायचा," ती म्हणाली. "मी शेळीला घालायचे. शेळीला पण कधी कधी वाईट वाटायचं, इतकं गोड असायचं." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. गुलनं हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. "ऊठ. सांग त्यांना."

"उद्या सांगते, बीबी. मला जरा—"

"उद्या पाटी चढेल. चढलेली पाटी कुणी उतरवत नाही. आज."

जेवणं चालली होती. कुरुताच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, रश्श्यात कुस्करलेल्या रोट्या, वर लसणाचं तेल. माणसं पाच-सहांच्या घोळक्यांनी एकेका परातीभोवती बसली होती. गुल मध्ये येऊन उभी राहिली तसे लोक जागा करायला सरकले.

"बस, मास्तरीणबाई," करीमदाद म्हणाला. "उभ्यानं जेवलं की अन्न पायात जातं."

ती बसली नाही. बीबीला सांगितलं तेच तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी शब्द कमी लागले. कुणाचा घास कुठं, कुणाचा कुठं राहिला.

"नियाज बहिरा?" हाजी गफूर शेवटी म्हणाले. "अगं पोरी, त्याच्या कानाची खाफपर्यंत—"

"तो कान माझा होता, हाजी."

"म्हणून तू त्याला चिकटून बसायचीस," करीमदाद हळूच म्हणाला. "आम्ही म्हणायचो, आई नसलेली पोर आहे."

"पण आता हे उकरून काय करायचं?" हाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला, तो रागानं नव्हे. "तो मेला. तू त्याची लेक. मेलेल्याचं झाकायचं असतं, असं आपल्याला शिकवलंय. यातून कुणाचं भलं होणार?"

"माझं," मागून बीबी म्हणाली.

सगळे वळले. ती भिंतीला धरून उभी होती.

हाजी गफूर उठून उभे राहिले. "बीबी, मग असं करू," ते म्हणाले. "पाटीवर सैफूचं नाव घालू. करीमदाद नवी कोरेल. आत्ता सुरू करेल."

"माझ्या पोराचं नाव त्या लाकडावर नको. ज्यानं त्याला मारलं त्याच्यावर कशाला त्याचं नाव?" बीबी म्हणाली. "तुमच्या तोंडातून काढा, तेवढं पुरे."

करीमदादनं हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"ती म्हण पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाली, बीबी," तो म्हणाला. "सैफूचं वर्ष पण झालं नव्हतं. चहाच्या टपरीवर. लोक हसले, मग मी परत म्हटलं."

"माहीत आहे," बीबी म्हणाली. "मला तेव्हाच कुणीतरी येऊन सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुल टेकडीवर आली तेव्हा पाटी भिंतीशी नव्हती. आठव्या पात्यात तुतीची एक नवी फळी बसली होती, ताजी रंधलेली, बाकीच्यांपेक्षा पिवळी. तिनं विचारलं नाही. करीमदादनंही सांगितलं नाही. तो तिच्याशी नेहमीसारखाच बोलत होता, फक्त थट्टा करत नव्हता, आणि ते तिला फार लागलं.

काहींनी तिचा सलाम घेतला, काहींनी नाही. एक बाई जाता जाता म्हणाली, "बापाची अब्रू ठेवायची असते गं." दुसरी तिला कोपरानं ढोसून म्हणाली, "आणि त्या म्हातारीची?" दोघींचंही खरं होतं.

दुपारी वारा आला. आधी खालच्या पिस्त्याच्या बागा पांढरट झाल्या, मग टेकडीची धूळ उठली. पाचर काढली तशी पाती एक वळण अडखळली, थांबली, आणि मग फिरायला लागली. माणसं ओरडली. हाजी गफूरांनी बिस्मिल्ला म्हणून गहू ओतला. खाली जात्यातून पीठ यायला लागलं, पण भरड, आणि त्याला करपल्याचा वास होता.

"वरची तळी खाली बसलीय," करीमदाद म्हणाला. "उचलायला हवी. किती ते कोण सांगणार? उस्ताद अस—" तो थांबला. मग गुलकडे वळून, नजर न चुकवता म्हणाला, "तू सांग."

ती जात्याशेजारी बसली. बत्तीस वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज. दगडाच्या तळाशी एक कोरडी घासण होती, दाणे कमी पडल्यासारखी. हात आपोआप शेजारी गेला आणि तिथं कुणाचाच गुडघा नव्हता. तिनं तो हात ओढणीत गुंडाळला.

"उचला," ती म्हणाली. "अजून. अजून थोडी. बास."

पीठ मऊ आलं. करीमदादनं चिमटीत धरून चोळलं आणि मान हलवली. घरटी एकेक ओंजळ वाटायला सुरुवात झाली. गुल आपली ओंजळ घेऊन घरी आली तेव्हा ऊन कलत होतं.

थोड्या वेळानं दार वाजलं. बीबी माहनिसा होती. हिवाळ्यात उस्ताद गेला तेव्हा सगळं गाव मृतासाठीची फातिहा म्हणायला येऊन बसून गेलं होतं. एक ती आली नव्हती, आणि कुणी तिला नावं ठेवली नव्हती. आता ती उंबरा ओलांडून आत आली आणि भिंतीशी, परक्या घरी बसतात तशी, गादीच्या कडेला टेकली. गुलनं चहा ठेवला, खडीसाखरेची वाटी पुढे सरकवली. वाऱ्यानं खिडकीचं तावदान खडखडत होतं.

"यायला हवं होतं तेव्हा," बीबी म्हणाली.

"नाही आलात ते बरोबरच होतं."

"फातिहा म्हणायला म्हणून निघाले होते घरून. वाटेत ठरवलं होतं, म्हणायचीच." तिनं मांडीवरचे हात उताणे केले, बघितले आणि पुन्हा पालथे ठेवले. "नाही होत."

"नका म्हणू, बीबी."

"तो वाईट नव्हता. ते मला कळतं. स्वतःच्या पोरीला वाचवलं. मी पण वाचवलं असतं." तिनं खडीसाखर दाताखाली धरली आणि चहाचा घोट घेतला. गार होईपर्यंत थांबली नाही. "पण त्यापायी ज्याचं नाव गेलं, तो माझा होता ना."

बीबीनं चहा संपवला, पेला खाली ठेवला. उठेल असं वाटलं, पण ती तशीच बसून राहिली.

"त्या दिवशी तू कुठं गेली होतीस?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न गुलला कुणी विचारला नव्हता. बापानंही नाही.

"रूद गावाहून नवरी येणार होती. इस्माइलची. ती बघायला. रस्त्यावर जाऊन उभी राहिले होते."

"दिसली?"

"नाही. चेहरा झाकलेला होता. गाडी धुळीतून निघून गेली."

बीबी खिडकीकडे बघत राहिली. टेकडीवरून चक्कीची घरघर इथवर येत होती, मध्येच वाऱ्यात हरवत होती.

"चांगली होती दिसायला," ती म्हणाली. "मी नंतर पाहिली. उंच होती, नाकात फिरोजा घालायची." मग ती भिंतीला धरून उठली. या वेळी गुलनं हात पुढे केला नाही, तरी दारापर्यंत जाताना बीबीनं तिचं कोपर धरलं, म्हाताऱ्या बायका वाटेत जे काही सापडेल ते धरतात तसं. उंबऱ्यावर आल्यावर सोडलं, ओढणी डोक्यावर घट्ट ओढून घेतली आणि वाऱ्याकडे पाठ करून आपल्या घरच्या वाटेला लागली.